जगताप सरांची कॉम्प्युटरची खोली

भोकरदनच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. जगताप सर स्वतः पाय पुसून आत जात आणि मागच्याला सांगत, "धूळ बिलकुल चालत न्हाई त्याला." नव्वदचं दशक सरत आलं होतं. कॉम्प्युटर आले तेव्हा प्राचार्यांनी नारळ फोडला, तोही व्हरांड्यात, पाणी उडू नये म्हणून. पुढं कुणीही पाहुणा आला की आम्ही प्राध्यापक त्याला ती खोली दाखवायला नेत असू. मी मराठी शिकवायचो; खोलीचा अभिमान मलाही होता.

सर शिकवायचे मन लावून. खुर्चीत ते बसत, पोरं मागं उभी राहत. पोरांनी प्रोग्रॅम तोंडी सांगायचा, सरांनी टाइप करायचा. कुणी चुकलं की त्यांची बोटं थांबत. "मंग? पुढं काय, मालक?" कुणी हात पुढं केलाच तर म्हणत, "बघून शिका. बिघडलं तर जालन्याहून माणूस आणावा लागतो."

प्रात्यक्षिक परीक्षेला औरंगाबादहून परीक्षक आले. पहिला नंबर जाफराबादच्या मीराचा. वर्गात तिचं उत्तर कधी चुकत नसे. ती आत आली, खुर्चीमागं उभी राहिली आणि खणखणीत आवाजात प्रोग्रॅम सांगू लागली. बसा आणि टाइप करा, असं परीक्षक म्हणाले. ती बसली. पडद्यावर काही उमटेना. मग तिनं सरांकडं पाहिलं.

"सर, हात लावू का?"

परीक्षक हसले. सरांनी मान खाली घातली.

मीरा नापास झाली. तिच्यामागून आलेल्यांना निदान खुर्चीत बसून बटणं आपणच दाबायची असतात, एवढं कळलं होतं.

फेरपरीक्षेला तिला आणायला सर एसटीनं जाफराबादला गेले. तिनं चहा दिला, पण यायला नको म्हणाली. "चूक माझी हाय, बाई," असं सरांनी सांगूनही पाहिलं. ती म्हणाली, "असू द्या सर. पण त्या खोलीत यायची आता लाज वाटून राह्यली." हे मला सांगताना सर माझ्याकडं पाहत नव्हते. माझीही त्यांच्याकडं पाहायची हिंमत नव्हती.

त्यानंतर पोरं खुर्चीत बसू लागली आणि सर मागं उभे राहू लागले.

वर्षभरानं ते निवृत्त झाले. सरांच्या हाताखाली एकही कॉम्प्युटर बिघडला नाही, असं प्राचार्यांनी निरोपाच्या भाषणात सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर उठले.

"साहेब, यंदा दोन बिघडले," ते म्हणाले. "शिकवणं तेवढंच झालं माझ्या हातून."