मीठ बरोबर होतं

मी शिवणकाम करतो. धक्क्यावरून गावात येणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे आणि दुकानासमोर खानावळ. शिलाई मशीनवरून मान वर केली की खानावळीतली सहा टेबलं, स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा आणि मालकाचं टक्कल एवढं सगळं एका नजरेत दिसतं. बायको गेल्यापासून, रविवार सोडला तर, मी दुपारचा तिथेच जेवतो. तेव्हा मोठ्या वहिनींची गोष्ट सांगायचा हक्क मला आहे. दुसरा कोणी सांगेल तो स्वतःला वाचवून सांगेल. मीही तेच केलं असतं, पण आता ती सोय राहिलेली नाही.

वहिनी मिठागरातल्या मजुराची मुलगी. चालायला लागल्यापासून मिठात वावरलेल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्याची धक्क्यावर चहाची टपरी होती. लाँचची वाट बघत ताटकळणाऱ्या लोकांसाठी त्यांनी एक दिवस पातेलंभर माशाचं कालवण आणि भात केला, आणि त्या दिवशी दोन लाँच रिकाम्याच सुटल्या असं म्हणतात. मी तेव्हा नव्हतो, पण माझा विश्वास आहे. टपरीची खानावळ झाली. नवरा बाहेर, वहिनी आत. पहाटे धक्क्यावर जाऊन मासा त्याच निवडायच्या, कल्ला उचलून बघायच्या, आणि कोळणींशी अशा भांडायच्या की ऐकत राहावं. नारळ स्वतः खवायच्या. मीठ चिमटीने नाही, मुठीने टाकायच्या, आणि शिजताना कधी चाखायच्या नाहीत. चाखायचं ते गिऱ्हाइकाने, असं त्यांचं म्हणणं. जेवणं झाली की परत आलेली ताटं मात्र एकेक करून बघायच्या. कोणी काय उष्टं टाकलं, किती टाकलं, यावरून त्यांना सगळं कळायचं.

त्यांच्या नवऱ्याने खानावळीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक नियम रंगवून घेतला होता: ‘ताटात राहिलं, तर मालक विचारणार.’ आणि तो विचारायचाही. कोणी घासभर जरी टाकलं तरी हा खांद्यावरचं फडकं हातात घेऊन टेबलाशी उभा राहायचा आणि नरमाईने म्हणायचा, “काय कमी पडलं?” गिऱ्हाईक लाजून तो घासही संपवायचं.

तो माणूस गेला आणि गल्ल्यावर त्याचा धाकटा भाऊ बसला. आपण त्याला मालक म्हणू, कारण दुसरं काही म्हटलेलं त्याला चालत नसे. त्याचं दुखणं एकच होतं. बोर्डावर काहीही लिहिलेलं असो, लोक म्हणायचे, “चला, वहिनींकडे जेवू.” स्वतःच्या दारात उभं राहून हे रोज ऐकायचं म्हणजे त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वहिनींना घालवायला तो निमित्त शोधत होता. ते मी दिलं.

झालं असं, की वर्षातून तीनच आठवडे एक बोटभर चंदेरी मासा आमच्या किनाऱ्याला येतो. त्याचं वहिनींनी केलेलं कालवण खाण्यासाठी लोक दुसऱ्या गावांहून यायचे. त्या वर्षी पहिल्या दिवशी सकाळीच मी दाढ उपटून घेतली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन तास काही खाऊ नका. पण माझा हावरटपणा! एक वाजता मी टेबलावर. गालातला कापसाचा बोळा काढला, ताटाच्या कडेला भाताखाली ढकलला आणि घास घेतला. चव लागेना. आणखी एक घेतला. ओली माती खावी तसं. माझा आवाज मुळातच मोठा. “आज मीठच नाही की हो!” मी ओरडलो आणि ताट सरकवलं.

मालक फडकं घेऊन आला. “काय कमी पडलं?”

“मीठ,” मी म्हणालो.

त्याने माझ्या ताटात बोट बुडवलं, सगळ्यांदेखत चाटलं, तोंड वाकडं केलं आणि पडद्याकडे वळून म्हणाला, “वहिनी, तुमच्या हाताची चव गेली आता. खूप केलंत. बसा निवांत घरी.”

आणि गंमत बघा. तोवर मिटक्या मारत जेवणारे दोघंतिघं मान हलवायला लागले. “हो, जरा कमीच आहे,” म्हणे! त्यांची तोंडं काही बधिर नव्हती.

वहिनी बाहेर आल्या. मालकाने माझं ताट त्यांच्या हातात कोंबलं. त्यांनी ताट बघितलं, मग मला बघितलं, ताट घेऊन आत गेल्या, आणि जराशाने हात पुसत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुढच्या दाराने निघून गेल्या. मिठागरातल्या माणसाच्या मुलीला मीठ कळत नाही, असं भरल्या खानावळीत ठरलं होतं.

संध्याकाळी माझी जीभ जागी झाली. चहा प्यायलो तर गोड लागला, बिस्किटातलं मीठसुद्धा कळलं. काय झालं ते मला तेव्हाच उमगलं. समोर जाऊन दोन वाक्यं बोलायची होती, रस्ता ओलांडण्याएवढंच काम. मी मूग गिळून बसलो. आधी वाटलं उद्या सांगू. मग वाटलं, आता सांगितलं तर लोक काय म्हणतील. मग स्वयंपाकघरात मालकाची बायको, म्हणजे वहिनींची धाकटी जाऊ, रुळली आणि मी स्वतःला समजावलं की विषय संपला.

विषय महिन्याभराने सुरू झाला. बरोबर एक वाजता वहिनी पुढच्या दाराने आत आल्या. इस्त्रीचे कपडे, हातात छोटी पर्स. माझ्या समोरच्या टेबलावर बसल्या आणि गिऱ्हाइकासारखं जेवण मागवलं. खानावळीत कोणी पाणीसुद्धा आवाज करून पिईना. त्या सावकाश जेवल्या, आणि शेवटी एक घास ताटाच्या कडेला ठेवून हात मागे घेतला.

मालक गल्ल्यात डोकं घालून बसला. तेव्हा आमचा लाँचवाला, त्याला असल्या कामात भारी उत्साह, भिंतीकडे हात करून म्हणाला, “मालक, ताटात राहिलंय!”

जाणं भाग होतं. फडकं हातात घेऊन तो वहिनींपुढे उभा राहिला. “काय कमी पडलं?”

वहिनींनी विचार केला. “हळद कच्ची आहे,” म्हणाल्या आणि गेल्या.

आम्ही सगळ्यांनी आपापल्या ताटातलं पुन्हा चाखलं. हळद कच्ची होती.

दुसऱ्या दिवशी परत तेच. एक घास. “काय कमी पडलं?” “मासा कालचा आहे.” तिसऱ्या दिवशी, “खोबरं जाड वाटलंय.” रोज एक वाजता, रोज एक घास, आणि रोज त्या माणसाला तिच्यापुढे जाऊन उभं राहावं लागायचं जिला त्याने घालवलं होतं. मला विचाराल तर सूड असा हवा! आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत, घासभर भात आणि कालवण. मी रोज शिलाई टाकून वेळेआधी जाऊन बसायचो. मालकाचा चेहरा बघून जेवण दुप्पट जायचं.

त्याने सगळे उपाय केले. वहिनींना दारात अडवलं, तर लाँचवाला अर्ध्या जेवणातून उठला आणि त्याच्यामागे चार टेबलं उठली. मग त्याने भिंतीला चुना मारून नियमच पुसला. पण आमच्याकडची हवा अशी दमट की भिंतीला काही लपवता येत नाही. आठ दिवसांत चुन्याखालून अक्षरं फुगून वर आली, पहिल्यापेक्षा मोठी दिसायला लागली.

एकदा मालक तोंडातल्या तोंडात पुटपुटला, “वहिनी, हवं तर या परत आत.”

“कशाला भाऊजी?” त्या मोठ्याने म्हणाल्या. “माझ्या हाताची चव गेली आहे ना?”

आणि पडद्यामागे धाकटी जाऊ सगळं ऐकत होती. काल हळद कच्ची म्हटलं की आज ती नीट भाजलेली असायची. नवऱ्याची बोलणी खात होती, पण शिकत होती. महिन्यामहिन्याला कालवण सुधारत गेलं आणि वहिनींना चूक शोधायला जास्त वेळ लागायला लागला.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. वहिनी कायम माझ्या समोर बसायच्या. मी खिडकीकडे गेलो, त्याही गेल्या. मी कोपऱ्यात गेलो, त्या पुढच्या टेबलावर. लाँचवाला डोळा मारून म्हणाला, “टेलर, तुमच्यावर नजर आहे बरं का!” आता सांगायला लाज वाटते, पण मलाही तसंच वाटलं. विधुर माणूस, डोकं कुठेही धावतं. मी स्वतःसाठी आकाशी रंगाचा शर्ट शिवला, कॉलर दोनदा उसवून बसवली आणि केसांना कलप लावला. त्या दिवशी वहिनी शर्टाकडे बघून पहिल्यांदाच हसल्या होत्या. का हसल्या, ते पुढे कळलं.

दाढेच्या त्या दिवसाला दोन वर्षं झाली. तो चंदेरी मासा पुन्हा आला. पहिलाच दिवस, खानावळ तुडुंब. वहिनी जेवायला बसल्या. नेहमीपेक्षा सावकाश. एक घास हातात घेऊन त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, मग खाल्ला. ताट लख्ख.

मालक अक्षरशः उडी मारून आला. “बघा! बघा सगळे! आज काही राहिलं नाही!” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “काय वहिनी, काय कमी पडलं आज? बोला ना!”

“काही नाही,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्या बायकोने आज अगदी बरोबर केलंय. खोटं बोलून घास टाकता आला असता. पण ते काम मी करत नाही. ते काम दुसऱ्यांचं.”

आणि त्या उठून माझ्या टेबलाशी आल्या. मी त्याच आकाशी शर्टात. मालकाच्या हातातलं फडकं त्यांनी ओढून घेतलं होतं. नवरा उभा राहायचा तशाच उभ्या राहिल्या आणि त्याच नरमाईने म्हणाल्या, “टेलर, त्या दिवशी काय कमी पडलं होतं?”

पर्समधून त्यांनी एक छोटी डबी काढली आणि माझ्या ताटाशेजारी उघडून ठेवली. आत कापसाचा बोळा होता. सुकून तपकिरी झालेला.

माझ्या हातातला घास खाली पडला. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. मी मालकाचा तमाशा बघायला यायचो, आणि त्या रोज समोर बसून वाट बघत होत्या की हा आज तरी तोंड उघडतो का.

“तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?” मी कसंबसं म्हणालो.

“मी सांगितलं असतं तर सारवासारव झाली असती. मला तुमच्या तोंडून हवं होतं. आवाज मोठा आहे तुमचा. त्या दिवशी होता तसा येऊ द्या.”

मी उभा राहिलो. “माझी दाढ काढली होती,” मी म्हणालो. “तोंड बधिर होतं. मला चवच कळत नव्हती. मीठ बरोबर होतं.”

लाँचवाल्याने मान मालकाकडे वळवली. “टेलरचं तोंड बधिर होतं, समजलं. पण मालक, तुम्ही तर बोट घालून चाखलं होतं. तुमची कुठली दाढ काढली होती?”

मालकाने फडक्यासाठी खांदा चाचपला, पण फडकं वहिनींच्या हातात होतं. पडदा बाजूला झाला. धाकटी जाऊ बाहेर आली, नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “मी त्या दिवशी आत तेच कालवण जेवले होते. मीठ बरोबर होतं. मीही गप्प बसले. ताई, आत चला.” आणि तिने पळी पुढे केली.

वहिनींनी पळी घेतली आणि फडकं मालकाच्या खांद्यावर टाकलं. “भाऊजी, तीन नंबरला पाणी द्या.”

तेव्हापासून आत दोघी जावा आणि बाहेर मालक. त्याला कोणी काढलं नाही, तो ताटं वाढतो. पण रोज कोणी ना कोणी ताट पुढे करून म्हणतंच, “मालक, जरा बोट घालून बघता का?” आणि खानावळ हसते. त्याची शिक्षा ही.

माझी वेगळी. दुसऱ्या दिवशी मी जेवायला गेलो. पहिला घास घेतला. मीठ नव्हतं. या वेळी माझी जीभ ठणठणीत होती आणि ताटात मिठाचा कणही नव्हता. शेजारचा मिटक्या मारत होता. मी पडद्याकडे बघितलं, तर वहिनी तिथेच उभ्या होत्या.

“किती दिवस?” मी हळूच विचारलं.

“जितके दिवस गप्प होतात तितके.”

दुसरीकडे जेवायला जाता आलं असतं. गेलो नाही. एक घासही टाकता येत नव्हता, कारण टाकला तर मालक फडकं घेऊन येणार, काय कमी पडलं विचारणार, आणि तो शब्द त्या खोलीत पुन्हा उच्चारण्याची माझी छाती नव्हती. ताट चाटूनपुसून आत जायचं. दुकानाच्या भिंतीवर मी शिंप्याच्या खडूने रोज एक रेघ मारत होतो.

काल दोन वर्षं भरली. आकाशी शर्ट घालून गेलो, म्हटलं आज सण. घास घेतला.

बिनमिठाचा.

मी न राहवून उठलो आणि पडद्यापाशी गेलो. “वहिनी, दोन वर्षं झाली. मी रोज रेघ मारली आहे.”

त्या कांदा चिरत होत्या. मान वर केली नाही. “रविवारी खानावळ बंद असते, टेलर. रविवारी घरी मीठ घालून जेवत होतात ना?”

“हो.”

“गप्प तर रविवारीही होतात.”

मी टेबलावर परत आलो आणि ताट संपवलं. दुकानात येऊन हिशेब केला. एकशे चार रविवार. ओल्या कापडाने भिंत पुसली आणि पहिली रेघ मारली.