नववं घर

आण्णा गवंडी स्वतःचं वय कधी सांगायचा नाही. समोरच्याचं विचारायचा, त्यात दोन मिळवायचा आणि म्हणायचा, "मग मी तुज्यापेक्षा थोरला." रहिमतपूरच्या बाजारातल्या केळीवाल्या म्हाताऱ्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांचा तो असाच थोरला झालेला. आम्ही दोघांनी चाळीस वर्षं एका परांचीवर उभं राहून भिंती चढवल्या. हात माझा जास्त साफ होता. हे मी आज म्हणत नाही, त्याच्या तोंडावर म्हणत होतो. गिऱ्हाईक मात्र त्यालाच शोधत यायचं, कारण त्याला बोलता यायचं.

म्हातारपणाचा अभ्यास करणारी मंडळी गावात आली तेव्हाही तसंच झालं. त्यांची रीत अशी की गावातल्या घरांची यादी करायची, चिठ्ठी टाकून एक घर धरायचं आणि तिथून पुढं दर नववं घर घ्यायचं. त्या घरातल्या म्हाताऱ्याला दर दोन वर्षांनी येऊन भेटायचं, त्याच त्या गोष्टी परत मोजायच्या, तो जिवंत आहे तोवर. आण्णाचं घर नववं निघालं. माझं त्याला लागून, दहावं. त्यांच्यातली मुलगी सांगलीकडची होती, सुप्रिया नावाची. मी तिला म्हणालो, "बाई, गल्लीच्या वरल्या अंगानं मोजून बघा की एकदा."

ती म्हणाली, "आजोबा, आमच्या मनानं घर निवडलं तर सगळा अभ्यास फुकट जाईल."

मला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही.

पहिल्या दिवशी वयावरच गाडी अडली. रेशनकार्डावर एक, मतदानाच्या कार्डावर भलतंच. सुप्रियाकडं जुन्या गोष्टींची यादी होती, मोठा दुष्काळ, भूकंप, गावात वीज आली ते साल.

"दुष्काळात काय करत होता, आण्णा?"

"खडी फोडत हुतो."

"लग्न झालं होतं?"

"झालं हुतं, पर ती म्हायेरी पळाली हुती. खडी फोडणाऱ्याकडं कोण ऱ्हातंय?"

असं विचारत विचारत तिनं त्याचं वय बसवलं. माझ्यापेक्षा दीड वर्षानं कमी भरलं. माझी जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर आहे, दुसरीपर्यंत का होईना, मी शाळेत गेलोय. मी ही गोष्ट चावडीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सांगून आलो. आण्णा म्हणाला, "तिच्या कागदाला काय कळतंय? त्यो परवा छापलाय."

मग मोजमाप. हाताची पकड बघायचं यंत्र, हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठणं, घड्याळ लावून चालणं. मी उंबऱ्यात बसून बघायचो. दहा शब्द वाचून दाखवायचे आणि जरा वेळानं परत विचारायचे, असाही एक प्रकार होता. आण्णाला पाच आठवले आणि तो छताकडं बघत बसला. सहावा मी सांगितला. सुप्रिया म्हणाली, "आजोबा, तुम्ही जरा बाहेर थांबा ना." मला आठ आठवत होते. घरी येऊन बायकोला आठच्या आठ म्हणून दाखवले. ती म्हणाली, "मग आता काय ववाळू व्हय तुमास्नी?"

एका खेपेला तिनं शिडीचं चित्र दाखवलं. दहा पायऱ्या, वर सगळ्यात चांगलं आयुष्य, खाली सगळ्यात वाईट, तुम्ही कुठं उभे? आण्णानं कागद डोळ्यांजवळ धरला. "ही टेकलीया कशाला? मागं भिंत न्हाई, खाली धरायला माणूस न्हाई. असल्या शिडीवर मी चढत न्हाई बाई." ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. शेवटी त्याला कशीबशी आठव्या पायरीवर चढवला. पुढचा प्रश्न होता, तुमच्या वयाच्या इतरांच्या मानानं तुमची तब्येत कशी? आण्णानं मान वळवली, मला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "लय म्हंजी लय बरी." पंधरा दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

मला त्या यंत्रांचा हेवा नव्हता. ती मुलगी समोर बसून विचारायची, झोप लागते का, जेवण जातं का, एकटं वाटतं का. आणि तो सांगेल ते लिहून घ्यायची. मधल्या काळात माझी बायको वारली, तेव्हापासून मला असं कुणी विचारलं नव्हतं. एका भिंतीचं अंतर, पण ती माझ्या दारावरून हात हलवून पुढं जायची.

चौथ्या खेपेच्या आधी आण्णा गेला. सुप्रिया आली ती त्याच्या घरी फोटोला हार घालून सरळ माझ्याकडं. म्हणाली, "माणूस गेला की आमची शेवटची एक मुलाखत असते, त्याला जवळून ओळखणाऱ्याची. आण्णांनी पहिल्याच वर्षी तुमचं नाव दिलंय."

"पोरगा हाय की त्याचा मुंबईला."

"मी तेच म्हटलं होतं. ते म्हणाले, पोराला काय म्हाईत? शेजारच्याला इचारा. त्यो माजं एक बी बरं सांगणार न्हाई, पर खरं सांगंल."

मी तोंड धुतलं, धुतलेली बंडी घातली आणि खुर्चीवर बसलो.

"शेवटी शेवटी आंघोळ स्वतः करत होते?"

"करत हुता."

"कपडे?"

"घालत हुता."

तिनं लिहिलं. मला ते लिहिलेलं बघवेना. म्हणालो, "खोड ते. सहा म्हैनं मीच घालत हुतो आंघुळ. कापडं बी मीच."

"विसर पडायचा?"

"म्होरल्या सोप्यातल्या भिंतीवर हात फिरवत बसायचा. म्हनायचा, कुणी बांधली रं ही? लय सरळ हाय. मी म्हनायचो, तूच की."

"आणि बांधली कुणी होती?"

"मी. लिही तसं."

तिनं लिहिलं. मग विचारलं, "एकटं वाटायचं का त्यांना?"

"त्याला कशाला वाटंल?" मी म्हणालो. "शेजारी मी हुतो."

तेही तिनं लिहिलं. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो. तिनं पेनाला टोपण लावलं.