पप्पांचा पुकारा

मी गाव सोडलं त्या सोमवारी पप्पा कोर्टाच्या गणवेशातच एसटी स्टँडवर आले होते. माझी बॅग त्यांनी वरच्या फळीवर ठेवली, हात झटकले आणि खिडकीशी न थांबता तसेच कोर्टाकडे चालू लागले. आई मात्र खिडकीचा गज धरून उभी राहिली. "पोचलास की फोन कर. आणि रविवार चुकवू नको," एवढंच ती म्हणाली. तिला आणखीही काही सांगायचं असणार, पण माझ्या शेजारच्या सीटवर आमच्याच चर्चमधला एक जण बसला होता.

गावाकडचे तुम्ही सगळे पप्पांचा आवाज ओळखता. तालुक्याच्या कोर्टात ते पट्टेवाले. सोमवार ते शनिवार व्हरांड्यात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा तीन वेळा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. रविवारी तोच आवाज चर्चमध्ये. तिथल्या कारभारी मंडळात ते पंच होते, त्यामुळे उपासनेनंतरच्या सूचना तेच वाचत. कुणाचं लग्न ठरलं की ओळीने तीन रविवार दोघांची संपूर्ण नावं वाचायची आणि म्हणायचं, "या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्याने आताच सांगावे." मग ते कागदावरून नजर उचलून थोडा वेळ थांबत. आम्ही पोरं त्या शांततेत एकमेकांना चिमटे काढायचो, कुणीतरी ओरडावं म्हणून. माझ्या आठवणीत कुणी कधी हरकत घेतली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी चुलतभावाचं नाव तिसऱ्यांदा वाचलं गेलं. जेवताना पप्पा खुशीत होते. पुढच्या वर्षी तुझं नाव वाचणार, म्हणाले. माझं नाव कुठल्याच मुलीबरोबर वाचलं जाणार नाही, आणि ते का, हे मी तिथेच पानावर सांगून टाकलं. आई वाढता वाढता थांबली. पप्पांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हा गुन्हाही आहे आणि पापही." त्या वेळी कायद्याने तो गुन्हा होताच, त्यामुळे वाद घालायलाही जागा नव्हती.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात मला क्वालिटीचं काम मिळालं आणि जुईनगरला चौघांत एक खोली. गावात शेजाऱ्याच्या घरची फोडणीसुद्धा कळायची. इथे भिंतीपलीकडच्या माणसाचं नाव ठाऊक नसायचं, आणि मला तेच बरं वाटायचं. आईचं ऐकून रविवार मात्र चुकवला नाही. इथल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचो आणि प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सगळे पुढे गेले की मी बसून राहायचो. मला कुणी अडवलं नव्हतं. पप्पांचं वाक्य कानात असायचं.

नीलेश मला तुर्भ्यालाच भेटला. तो खाडीकाठच्या गावातला, इथलाच, पण घरी कळल्यावर त्यालाही निघावं लागलं. दोन स्टेशनं सोडून आला तरी ते घर सोडणंच. आम्ही करंजाड्यात वन बीएचके भाड्याने घेतला.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला गुन्हेगार ठरवणारं ते कलम आमच्यापुरतं रद्द केलं. त्या संध्याकाळी पप्पांचा फोन आला, मी निघाल्यापासूनचा त्यांचा पहिला. "कोर्टानं सांगितलंय, म्हणजे गुन्हा नाही. पाप आहे ते आहे," म्हणाले आणि ठेवला. दोनपैकी एका आरोपातून मी सुटलो होतो. काही वर्षांनी लग्नाचा प्रश्न त्याच कोर्टापुढे आला तेव्हा आम्ही दोघं रजा टाकून टीव्हीसमोर बसलो. लग्नाचा हक्क मिळाला नाही, तो कायदा करणं संसदेचं काम आहे असं ठरलं. नीलेशने टीव्ही बंद केला आणि कुकर लावला.

गेल्या वर्षी पप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पनवेलला ठरलं. आई तोवर गेली होती. पप्पा नाइलाजाने आमच्याकडे आले. जेवणाआधी ते प्रार्थना करत आणि एकेकाचं नाव घेत: माझं, बहिणीचं, मेव्हण्याचं, पाळकसाहेबांचं, कोर्टातल्या नव्या जजसाहेबांचंही. समोर हात जोडून बसलेल्या नीलेशचं नाव तेवढं येत नसे. माझ्या शिफ्टमुळे डोळ्यांत ड्रॉप्स घालायचं काम त्याच्याकडे. "हलू नका काका, झालाच हाय," असं म्हणत तो त्यांची हनुवटी धरायचा. पप्पांनी त्याला एकच प्रश्न विचारला, वडिलांचं नाव काय. दामोदर, तो म्हणाला, ते आता नाहीत.

त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग होती. आमचं ॲग्रीमेंट संपत आलं होतं आणि कमिटी एनओसी द्यायला तयार नव्हती. ती मिळाली नाही तर घर खाली करावं लागणार होतं. पप्पा काळा चष्मा लावून पार्किंगमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर येऊन बसले. चेअरमन सभ्य माणूस, आवाज न चढवता बोलले. पर्सनल काही नाही, पण ही फॅमिली सोसायटी आहे, मुलं लहान आहेत, काही मेंबरांची हरकत आहे.

पप्पा उठले. "मी याचा बाप. जन्म कोर्टात गेलाय माझा," ते म्हणाले. "मला विचाराल तर हे पाप आहे. पण त्याचा जाब माझा देव घेईल, तो तुमच्या कमिटीवर नाही. गुन्हा म्हणत असाल तर कलम सांगा. कलम नसेल तर हरकत मागे घ्या."

कलम कुणालाच सांगता आलं नाही. एनओसी मिळाली. पण अख्ख्या सोसायटीसमोर, त्या आवाजात, माझ्या बापाने मला पापी म्हटलं होतं आणि त्याच दमात माझं घर वाचवलं होतं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि तितकंच लागलंही. जिना चढताना नीलेश माझ्याकडे बघत नव्हता. रात्रीच्या प्रार्थनेत त्याचं नाव आलं नाहीच.

परतायच्या दिवशी पप्पांनी मला स्टँडवर येऊ दिलं नाही, रिक्षाने जाईन म्हणाले. ते खाली उतरले आणि मी दार लावलं. तेवढ्यात खालून पुकारा झाला, "विनय शामुवेल साळवे!" मी बाथरूममध्ये शिरत होतो. पुन्हा झाला. तिसऱ्या वेळी आवाज आणखी चढला, "विनय शामुवेल साळवे! नीलेश दामोदर पाटील!"

आम्ही दोघं गॅलरीत आलो. पप्पा वर बघत उभे होते. ड्रॉप्सची बाटली टेबलावरच राहिली होती. आजूबाजूच्या गॅलऱ्यांत माणसं आली होती, चेअरमनही होते. दोन्ही नावं त्यांनी सवयीने एका दमात घेतली की मुद्दाम, हे मी अजून विचारलेलं नाही. नावं घेऊन झाल्यावर ते रविवारी थांबायचे तेवढेच थांबले.

गावी कधी येतोस असं तुम्ही विचारता. येईन. पण घरी जातो असं म्हणताना आता माझ्या मनात करंजाड्याची ती गॅलरी येते. तिथे आमची नावं एकत्र वाचली गेली आणि कुणी हरकत घेतली नाही.