चिमीला स्थळ पाहताना

वैशाखऱ्याच्या शाळेतून माझी बदली वाशिंदला झाली तेव्हा सगळ्यांनी पेढे मागितले. अठ्ठ्याण्णव साल असावं. हे वाशिंदच्या कारखान्यात आणि मी इकडे घाटाच्या पायथ्याशी भाड्याच्या खोलीत, अशा सहा वर्षं दोन चुली चालल्या होत्या. त्या एक होणार म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. पण ऑर्डर हातात पडली आणि माझं दत्त महाराजांशी भांडण सुरू झालं. रोज सकाळी तसबिरीला हार घालायचा आणि रोज कुरकुर करायची. तुमच्या पायाशी चार कुत्री बसलेली चालतात, मग माझी एक तुम्हाला जड का झाली, असं मी त्यांना तोंडावर विचारत असे.

ही माझी एक म्हणजे चिमी. दोन वर्षांपूर्वी माळशेजच्या रस्त्यावर ट्रकने उडवली होती, ती मी पोत्यात घालून आणली. पाय सांधला, पण वाकडा. पुढे तिला फिट्स यायला लागल्या. चारही पाय ताणून पडायची, तोंडाला फेस यायचा. मुरबाडच्या गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार बरा होणार नाही. गोळी मात्र सकाळ-संध्याकाळ चुकवू नका, मग जगेल. गावातल्या लोकांना फेस दिसला की कुत्रं पिसाळलं एवढंच कळायचं. दोनदा माणसं काठ्या घेऊन माझ्या दारात आली होती. मी मास्तरीण म्हणून परत गेली. मी गेल्यावर आठ दिवसांत चिमीला मारतील, याची मला खात्री होती. वाशिंदला न्यावं तर ह्यांना दमा, कुत्र्याच्या केसांनी धाप लागायची. शाळा उघडायला पंधरा दिवस होते आणि तेवढ्यात तिला घर मिळायला हवं होतं.

मग मी ते केलं जे आपल्याकडे उपवर मुलीचे आईबाप करतात. स्थळं पाहायला लागले. ओळखीपाळखीत शब्द टाकला. आटगावला एक निवृत्त रेल्वेवाले काका होते, बंगली, पुढे आंब्याची झाडं, भोवती कुंपण. मनासारखं स्थळ. न्यायच्या सकाळी चिमीला शिकेकाईने न्हाऊ घातलं, गळ्यात लाल रिबन बांधली आणि काकांच्या ओसरीत वाकडा पाय भिंतीकडे येईल अशी बसवली. काकांनी तब्येतीचं विचारलं, तर म्हटलं, जरा अशक्त आहे, ताकदीच्या गोळ्या चालू आहेत. एकदा लळा लागला की मग सांगू, असा माझा हिशेब. काकांनी तिला ठेवून घेतलं. घरी येऊन घेवड्याची भाजी केली, महाराजांना नैवेद्य दाखवला आणि इतक्या दिवसांची भांडणं विसरून डोळे पुसले. खोट्याचा नैवेद्य दाखवतेय हे मनाला शिवलंसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी निरोप आला, येऊन घेऊन जा. गेले तर चिमी मागच्या लाकडाच्या खोपीत कोंडलेली. घरात लहान नात, आणि हिला दोनदा फिट आलेली. घाबरून कुणी जवळ गेलं नव्हतं, गोळीही चुकलेली. काका रागावले नाहीत. ‘‘बाई, आधी सांगितलं असतंत तर विचार तरी केला असता,’’ एवढंच म्हणाले. मला वर बघवेना. आणि माणसाचं मन बघा, एवढं होऊनही राग आला तो महाराजांचा. वाटेत मी त्यांना सांगून टाकलं की झाली तेवढी सेवा पुरे.

आटगावहून शहापूरमार्गे मुरबाडला आले आणि पुढच्या जीपसाठी उभी राहिले. भर दुपार, बाजाराचा दिवस, डांबर तापलेलं. चिमी तिथेच कोसळली. फेस पाहून कुणी ओरडलं, पिसाळलीये. बघता बघता कोंडाळं झालं आणि दोघातिघांनी दगड उचलले. मी तिच्यावर वाकून बसले. महाराजांचं नावही आठवलं नाही, हे खरं तेच सांगते.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. करवंदांची पाटी तिने खाली ठेवली, चिमीच्या डोक्याजवळचे खडे हाताने बाजूला सारले आणि पदर पसरून तिच्यावर सावली धरली. मी घाबरून पाणी पाजायला गेले तर माझा हात धरला.

‘‘आता पानी नको पाजू, बाई. ठसका लागंल. शांत बस, येईल ती भानावर.’’ मग लोकांकडे न बघताच म्हणाली, ‘‘दगड टाका रे खाली. ही पिसालली नाय, हिला फेफरं हाय. माझ्या पोरीला बी हाय.’’

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, लोक पांगले. दोन-तीन मिनिटांनी चिमीने डोळे उघडले. ती बाई म्हणजे यसूबाई, वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. सहा वर्षं मी तिथे पायथ्याशी राहिले होते आणि तिला कधी पाहिलं नव्हतं. जीपमध्ये ती आपणहून बोलत राहिली. तिची मथी दहा वर्षांची असल्यापासून पडायची. आजार लपवून लग्न लावलं. सासरी आठव्या दिवशी चुलीपुढे पडली, तशी त्यांनी परत आणून सोडली. तेव्हापासून मथी घराबाहेर पडत नव्हती आणि सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या न घेता कुडाच्या भिंतीत खोचून ठेवत होती.

‘‘पोरीचा काय गुन्हा गो?’’ यसूबाई म्हणाली. ‘‘लपवलं आमी.’’

मी शिकलेली, चार पोरांना खरं बोला म्हणून पट्टी मारणारी. त्या जीपमध्ये मला अंगावरची साडी नकोशी झाली. मग मी चिमीचं सगळं सांगितलं. फिट्स, वाकडा पाय, जन्मभराच्या गोळ्या, फार वर्षं जगेलच असं नाही, आणि आटगावला मी काय केलं तेही. ठेवून घे म्हणायची माझी छाती झाली नाही. तीच म्हणाली, ‘‘आमच्या वाडीत दे. तिथं कोन दगड नाय मारनार. समद्यांना ठावं हाय पडल्यावर काय करायचं ते.’’

मला कुंपणाची बंगली हवी होती. मिळालं ते कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं घर. पण अख्ख्या दोन तालुक्यांत चिमीला धोका नसलेली तेवढीच एक जागा होती आणि ती मला शोधूनही सापडली नसती. त्याच संध्याकाळी वर गेले. मथी दाराआड उभी होती. मी गोळीचं सांगत होते तेव्हा तिने हळूच विचारलं, ‘‘हिला पन रोज?’’ हो म्हटल्यावर तिने पुडी माझ्या हातातून घेतली.

पुढे चार वर्षं मी महिन्यातून एका रविवारी गोळ्या घेऊन वाशिंदहून जात असे. हे आधी चिडवायचे, लेकीच्या सासरी निघाली म्हणून, मग स्वतःच बिस्किटांचा पुडा पिशवीत टाकायला लागले. चिमी मथीच्या मागे लंगडत पाण्यावर जायची, रानात जायची. चिमीला फिरवायचं म्हणून मथी घराबाहेर पडायला लागली होती.

एका रविवारी गेले तर चिमी आठ दिवसांपूर्वी झोपेतच गेली होती. मथीने मला तिची जागा दाखवली, मोहाच्या झाडाखाली. आम्ही दोघी रडलो. निघताना पिशवीतल्या गोळ्यांचं काय करावं मला कळेना. मथी म्हणाली, ‘‘माझ्या मला मिलतात बाई, दवाखान्यात. चिमी गेल्यावर बी एकदा नाय चुकवली. तिच्या भातात मिसलायची न मंग माझी गिलायची, तशीच सवय हाय. आता तिचं नाव घेते न गिलते.’’

त्या उतारावरून खाली येताना मी मनातल्या मनात महाराजांची माफी मागितली. मुरबाडला त्या दुपारी मला त्यांचं नाव आठवलं नव्हतं, त्यांनी मात्र माणूस धाडून दिलं. मी अजूनही त्यांच्याकडे मागते, हक्काने मागते, कधी भांडतेही. फक्त कुठून, कसं आणि कुणाच्या हातून द्यायचं, ते आता सांगायला जात नाही.