तीन पुस्तकांतलं गोंदण

मावशी गेली त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. वेचून आणलेल्या ढिगात पांढरा कमी, कवडीच जास्त. कवडी म्हणजे किडका, डागी कापूस. माय आणि मी ओसरीत बसून तो वेगळा काढायचो. घरात पहिली पदवी माझी. तरी कवडी काढण्यात माझा हात मायच्या बरोबरीचा होता, हे मुद्दाम सांगते.

मावशीचा धड फोटो एकच निघाला. कळंबच्या चिंतामणीच्या देवळाच्या पायरीवर दोघी बहिणी बसलेल्या, मी मोबाईलवर काढलेला. माय म्हणाली, "मले हातात धरता आला पाहिजे. तुह्या मोबाईलची बॅटरी गेली का माही बहीण गेली."

मग ऑनलाइन फोटोबुक मागवायचं ठरवलं. एकाच कंपनीवर भरवसा ठेवणं माझ्या शिक्षणाला शोभलं नसतं. घरचे इतर फोटो मिळवून वीस केले आणि तेच तिघांकडे पाठवले, पहिल्या पानावर पायरीवरचा. कुरिअर गावात येत नसे. पार्सल तालुक्याच्या बसस्टँडजवळच्या मोटारसायकल मेकॅनिक चाचांकडे उतरायचं. तिसरं आलं तेव्हा चाचा हाताचं ऑईल पुसत म्हणाले, "काय वो मॅडम, पुन्हा परीक्षा देऊन राह्यल्या का? पुस्तकंच पुस्तकं!"

"घेऊन राह्यली," मी म्हटलं.

आणि खरंच घेतली. दुपारी दाराशी खाट ओढून तिन्ही पुस्तकं उघडी ठेवली. पहिल्याचा कागद जाड, पण काळा रंग चॉकलेटी उतरलेला. दुसऱ्याची छपाई एक नंबर : लुगड्याच्या काठाचा धागान् धागा दिसावा, चेहरे उजळ. तिसरं स्वस्तातलं. कागद पातळ, बांधणी सैल आणि सगळ्यावर हिरवट झाक, जणू दोघी कडुनिंबाखाली बसल्या आहेत. वहीत गुण मांडले. दुसरं पुस्तक पहिलं आलं. तिसरं नापास.

मायपुढं ते पहिल्या नंबराचं ठेवलं. तिनं आधी कागद अंगठ्यानं चोळून पाहिला. मग बराच वेळ फोटो.

"हे कोन व्हय?"

"मावशी. अजून कोण?"

"मंग तिचं गोंदण कुठी हाय?"

दोघींच्या कपाळावर तीन ठिपके, हनुवटीवर एक. लहानपणी जत्रेत, एकाच दिवशी, एकाच बाईकडून गोंदवलेले. मावशी रडत होती आणि मायनं तिचा हात धरला होता, हे मी शंभरदा ऐकलेलं. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहते, सोबत गोंदण तेवढं जाते आणि त्याच्यावरूनच वर आपली माणसं ओळखू येतात, असं माय मानते. मी मानत नाही. मी गोंदवूनही घेतलं नाही. पण मूळ फोटोत गोंदण होतं आणि पुस्तकात नव्हतं, याला मानण्या न मानण्याचा प्रश्न नव्हता.

मोबाईल उघडून पाहिलं. ऑर्डर देताना पहिल्या दोन ठिकाणी एक चौकट होती : चेहऱ्यावरचे डाग काढायचे का? दोन्हीकडे खूण मीच केली होती. तिसऱ्याकडे ही सोय नव्हती, म्हणून मी त्याचा एक गुण कापला होता.

मायला सांगून टाकलं. ती हसली नाही, रागावलीही नाही.

"कवडी समजून काढून टाकलं व्हय वं बाई?"

खूण न करता पुन्हा मागवते, म्हणाले. तोवर तिनं नापास पुस्तक ओढून घेतलं होतं. हिरवट झाकेत ठिपके जास्तच उठून दिसत होते. तिनं ते बोटानं एकेक चाचपले, मग तेच बोट स्वतःच्या हनुवटीला लावलं.

"हेच राहू दे."

"छपाई खराब आहे, माय."

"असन. ओळखू तं येते ना."

पुस्तक तिनं पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवलं.

वहीतले गुण मी खोडले नाहीत. ते छपाईचे होते आणि छपाईपुरते बरोबर होते. फक्त तिसऱ्याचा कापलेला एक गुण परत दिला. तरी ते नापासच.