आबांनी पाळलेला हुकूम

हवालदार आबा नातीला उभी करूनच गोळी द्यायचे. ताठ उभं राहायचं, गोळी गिळायची, मग जीभ वर करून तोंड दाखवायचं. आमच्या सांगलीच्या केंद्रात बाकावरच्या सगळ्यांसमोर ही कवायत चाले आणि प्रांजल लाजून माझ्याकडे बघत हसे. मी तिथे समुपदेशक होते. एचआयव्ही असलेल्या मुलांच्या घरच्यांना औषधं समजावून सांगणं हे माझं काम.

आबा उंब्रजजवळच्या एका वाडीतले, फौजेतून निवृत्त झालेले. मुलगा आणि सून याच आजारानं गेले आणि जन्मापासून आजार असलेली ही पोर आबांच्या पदरात पडली. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून जवळचं केंद्र सोडून ते एवढ्या लांब येत. "ताई, तुमी हुकूम द्या, पाळायचं आमच्याकडं लागलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कारण मात्र कधी विचारत नसत. प्रांजल अकरा वर्षांची झाली, सायकल शिकली, गाल भरले. मला आबांचं फार कौतुक वाटे आणि खरं सांगायचं तर थोडं स्वतःचंही.

तिच्या रक्तात आणखी एक विषाणू निघाला होता, हिपॅटायटिस बीचा, यकृताला धरणारा. तिची रोजची गोळीच त्यालाही दाबून ठेवत होती. ती बंद झाली तर तो उसळतो, हे घरच्यांना बजावून सांगायचं असतं. रिपोर्ट आला त्या दिवशी दारात ही गर्दी होती. काळजी करू नका, हीच औषधं चालू ठेवा, एवढंच मी आबांना म्हणाले.

पुढच्या वर्षी त्यांच्या वाडीत कावीळ पसरली. प्रांजलचेही डोळे पिवळे झाले. तिकडे एक म्हातारे काविळीची माळ देत. मुळांच्या तुकड्यांची ती लहानशी माळ डोक्यावर ठेवायची. रोज सैल होत ती पायांपर्यंत उतरली की कावीळ उतरली. तोवर दुसरं कुठलंही औषध पोटात जाता कामा नये. शेजारची पोरं बरी झाली होती; त्यांची कावीळ साधी होती, ती तशीही बरी झाली असती, पण हे आबांना कोण सांगणार? त्यांनी हाही हुकूम पाळला. गोळ्यांची बाटली कपाटात गेली. माळ गळ्यात आली, छातीवर आली, कमरेपर्यंत आली, तोवर पोरीचं पोट फुगलं होतं. सांगलीला आणली तेव्हा तिनं मला ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

आबा त्यानंतरही महिन्याला एकदा यायचे. बाकावर बसायचे आणि नव्यानं आलेल्या मुलांच्या घरच्यांना सांगायचे, "माज्या नातीला मीच मारली. माळ घाला, अंगारा लावा, माजं काय म्हणणं न्हाई. पर गोळी थांबवू नगा. ह्या ताईंनी मला सांगितलं हुतं, मीच ऐकलं न्हाई."

आयाबाया डोळे पुसत. मी टेबलाशी मान खाली घालून फॉर्म भरत बसे.

गेल्या महिन्यात आबा वारले. मी त्यांच्या वाडीत जाऊन आले, त्यांच्या फोटोसमोर उभी राहिले. आबा, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं, हे त्यांना एकदाही म्हणाले नाही.