मामाच्या फियाटच्या चार टोप्या

मामाच्या फियाटची चाकं आठवली की मला आजही शिसारी येते.

वडील लवकर गेल्यामुळे आमच्या घरात शब्द चालायचा तो आईच्या भावाचा. नव्वदीच्या सुरुवातीला मामानं आमच्या पनवेलमध्येच एक जुनी फियाट घेतली आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारातून तिला अ‍ॅलॉयची चाकं आणून बसवली. इंजिन दमेकऱ्यासारखं खोकायचं, मागचा दरवाजा सुतळीनं बांधलेला, चाकं तेवढी चकचकीत. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा, अशातली गत. त्या चाकांच्या मधल्या भोकावर गोल टोपी बसते. त्या मूळच्या टोप्या कुणीतरी आधीच लांबवल्या होत्या, म्हणून मामानं चार दुकानं फिरून चार गोळा केल्या. एकीवर वाघाचं तोंड, एकीवर नुसताच इंग्रजी आकडा, तिसरी काळ्या प्लास्टिकची आणि चौथी कुठल्याशा टेम्पोची, भोकापेक्षा मोठी.

एका रविवारी माझ्यासाठी कळंबोलीला मुलगी बघायला जायचं ठरलं. हे स्थळ मीच आईच्या कानावर घातलं होतं. कॉलेजात ती माझ्या एक वर्ष मागे होती. वाचनालयात दोन-तीनदा बोललो होतो, तेवढ्यावरच लग्न करायचं तर हिच्याशीच, असं माझं पक्कं झालं होतं. तसं कुणापुढे बोलायची माझी छाती नव्हती, एवढंच.

त्या सकाळी मी मामाच्या अंगणात उकिडवा बसून टोप्या ठोकत होतो. लहान टोपीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, रबर सोल्यूशन फासायचं आणि वर फडकं ठेवून लाकडी हातोडीनं हाणायचं. मोठी टोपी कानशीनं घासायची. ब्रेकची काळी भुकटी नखांत गेली, सोल्यूशनच्या वासानं मळमळायला लागलं. मामा खुर्चीत बसून चहा पीत होता. म्हणाला, "मुलीकडचे आधी गाडी बघतात, मग नवरा."

ट्रकांनी खणून ठेवलेल्या कळंबोलीच्या रस्त्यावर वाघाची टोपी उडाली. मामानं गाडी थांबवून मला इस्त्रीच्या पँटीनिशी गटाराच्या काठाला उतरवलं. ऑइलमध्ये भिजलेला चिखल, सडका भाजीपाला आणि वर माशा. टोपी काही सापडली नाही.

मुलीचे वडील दारातच उभे होते. त्यांची जमीन संपादनात गेली होती. आलेल्या पैशातून त्यांनी घरामागे धातू कातायचा लेथ टाकला होता आणि लोखंड बाजारातली कामं करत होते. पांढराशुभ्र शर्ट, बहुधा त्या दिवसासाठीच शिवलेला. "या, या, पोहे तयार हायत," ते म्हणाले. आई आत बायकांत गेली. मामा मात्र चाकाशी थांबून राहिला.

"बघा ना, चाक उघडं पडलं. अशी गाडी तुमच्या दारात उभी राहिली तर तुम्हालाच लोक हसतील."

"एवडंच ना? माजा लेथ हितंच हाय, मामा. आता करून देतो."

त्यांनी माप घेतलं, अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा लेथवर चढवला आणि थोड्या वेळात एक टोपी घेऊन आले. सुंदर, गुळगुळीत, भोकात अशी बसली की ट्यूबची गरज नाही. एवढ्यावर थांबेल तर तो मामा कसला! "वा! पण हिच्यापुढे आता बाकीच्या तीन भिकार दिसतात हो."

वरपक्षाला नाही कोण म्हणणार? ते हसले आणि परत लेथकडे गेले. पुढचा दीड तास ते एकेक टोपी करून आणत होते आणि चाकाशी बसून ठोकत होते. मामा वर उभा राहून बोट दाखवत होता. "जरा डावीकडे. अजून आत. वाकडी बसली, काढा." पांढऱ्या शर्टाच्या बाह्या काळ्या झाल्या, गुडघ्यांना माती लागली. आतून दोनदा निरोप आला की पोहे गार झाले. मुलीच्या बापाला आपल्या चाकाशी वाकवण्यात मामाला मजा येत होती, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्याच्या त्या पुढे आलेल्या बोटाची मला किळस आली. आणि तरी मी मूग गिळून उभा होतो. माझ्या रुमालात काढलेल्या तीन जुन्या टोप्या होत्या, त्या मी प्रसादासारख्या धरल्या होत्या.

शेवटी आत बसलो. मुलीचे वडील हात धुऊन, तोच शर्ट घालून समोर बसले. ती चहा घेऊन आली. मामानं स्वयंपाक येतो का, नोकरी सोडणार का, असलं सगळं विचारून घेतलं. मग रिवाजाप्रमाणे म्हणाला, "तुलाही काही विचारायचं असेल तर विचार."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा चाकाशी बसले होते, तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

तिचे वडील पुटपुटले, "अगं, काय नाय ते..."

"तिथंच होतो," मी म्हणालो.

"हो. मी खिडकीतून बघत होते," ती म्हणाली आणि ट्रे उचलून आत गेली.

परतीच्या वाटेवर मामानं स्टिअरिंगवर ताल धरला. "चाकं झकास झाली. पण मुलगी तोंडाळ आहे. उद्या आपला नकार कळवून टाकू."

नकार तर त्या मुलीनं केव्हाच तोंडावर दिला होता, तो आपला म्हणून मिरवू नकोस, असं मला मामाला सांगायचं होतं. मी तेही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मामानं तसा निरोप खरोखर पाठवला. आणि तोही परस्पर नाही. मला विचारून, मी मान डोलावल्यावर.